जुन्या कारमधील जळालेली वायरिंग: कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे तीस वर्षांची कार आहे. रात्री हेडलाइट लावून अर्धा तास चालवल्यावर डॅशबोर्डमागून जळका वास आला आणि थोडा धूर दिसला. उघडून पाहिल्यावर हेडलाइट स्विचकडे जाणारी एक वायर आणि स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, वितळलेला सापडला; फ्यूज मात्र शाबूत होता. मेकॅनिकने वितळलेला भाग कापून नवीन तुकडा जोडला, वरून टेप गुंडाळली आणि गाडी परत दिली. पंधरवड्यात पुन्हा तोच वास येऊ लागला. आता संपूर्ण वायरिंग बदलावी, की जाड वायर आणि मोठा फ्यूज टाकून भागेल?

मोठा फ्यूज कोणत्याही परिस्थितीत टाकू नये आणि संपूर्ण वायरिंग बदलण्याचा निर्णय एवढ्यात घेऊ नये. वायर जळाली हा परिणाम आहे. कारण जागेवर राहिले तर नवीन वायरही जळणारच, आणि तुमच्या गाडीत नेमके तेच झाले आहे. सुदैवाने जळालेली वायर स्वतःच बरेच काही सांगते, म्हणून ती कापून फेकून देण्यापूर्वी नीट पाहणे आणि तिचे फोटो काढून ठेवणे हे पहिले काम समजावे.

वायर कुठे आणि किती लांबीवर जळाली आहे, हे सर्वांत आधी पाहावे. आवरण पूर्ण लांबीवर सारखेच फुगले, वितळले किंवा करपले असेल, तर त्या वायरीतून तिच्या ताकदीबाहेरचा करंट वाहिला असे धरावे. याचा अर्थ ती कुठेतरी थेट बॉडीला टेकली, किंवा तिच्यावर नंतर जास्तीचा भार टाकला गेला. बॉडीला टेकलेल्या वायरीची आणखी एक खूण असते. बॅटरीकडून शॉर्टच्या जागेपर्यंतचा भाग जळतो, पण शॉर्टच्या पुढचा, म्हणजे दिव्याकडचा भाग बहुधा कोरा राहतो, कारण करंट तिथपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे करपलेला भाग जिथे अचानक संपतो, त्याच्या आसपासच घासलेली जागा सापडते. याउलट वायर फक्त टोकाशी, कपलरच्या किंवा लगच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या, पिनवर सरकणाऱ्या पितळी तुकड्याच्या) जवळच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये जळाली असेल आणि पुढे तिचे आवरण मऊ व मूळ रंगाचे असेल, तर दोष वायरीत नसून त्या टोकावरच्या सांध्यात आहे. तुमच्या वर्णनावरून तुमची गाडी या दुसऱ्या प्रकारात बसते.

फ्यूज का उडाला नाही याचे उत्तरही यातच आहे. दोन हेडलाइट मिळून डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, सुमारे ११० वॅट घेतात, म्हणजे ९ ते १० अँपिअर. समजा स्विचच्या पिनवरचा लग सैल झाला आहे आणि त्या सांध्यात ०.१ ओहम इतकाच अवरोध तयार झाला आहे. १० अँपिअर करंटला तिथे १ व्होल्ट खर्च होतो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. दिव्यासाठी १० वॅट काहीच नाहीत, पण इथे ती सगळी उष्णता हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद घरात अडकते. पितळ तापते, त्याचा ताण जातो, लग आणखी सैल होतो, पृष्ठभागावर काळा थर चढतो, अवरोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. या सगळ्यात करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. १५ अँपिअरच्या फ्यूजला काहीही वावगे दिसत नाही. फ्यूज वायरीचे रक्षण जास्तीच्या करंटपासून करतो. सैल सांध्यापासून तो रक्षण करू शकत नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांत फ्यूज शाबूत आणि फ्यूजबॉक्स वितळलेला असे दृश्य वारंवार दिसते. तिथेही फ्यूज धरणाऱ्या पट्टीचा ताण गेलेला असतो.

आता स्विचचा कपलर हातात घेऊन उजेडात पाहावा. मूळ पितळी लग पिवळसर आणि चकचकीत असतो. तापलेला लग तपकिरी, जांभळट किंवा निळसर झालेला असतो, आणि त्याचे पिनला घट्ट धरणारे दोन्ही काठ थोडे उघडलेले दिसतात. तोच लग सुट्या पिनवर सरकवून पाहिला तर तो विनासायास खाली घसरतो, जेव्हा की चांगला लग बसवताना बोटांना जोर लावावा लागतो. एकदा रंग बदललेला लग चिमट्याने दाबून घट्ट केला तरी तो ताण टिकत नाही, कारण उष्णतेने पितळ मऊ पडलेले असते. तुमच्या मेकॅनिकने वायरीचा तुकडा बदलला, पण लग आणि कपलर तेच ठेवले असावेत, आणि पुन्हा आलेल्या वासाचे सर्वांत संभाव्य कारण मला तेच वाटते. स्विचची पिनही तपासावी. ती काळी पडली असेल, तिच्याभोवतीचे प्लास्टिक फुगले असेल किंवा पिन हलवल्यावर जागेवर डुलत असेल, तर स्विचही बदलावा लागेल.

याच टप्प्यावर बल्ब किती वॅटचे आहेत हे काढून पाहावे. मूळ ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवलेल्या गाड्या पुष्कळ असतात. करंट १० वरून १६ अँपिअरवर गेला की सांध्यातली उष्णता दीडपट होत नाही, ती अडीचपट होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारखान्यातून आलेला स्विच आणि त्यामागची वायर एवढ्या करंटसाठी केलेली नसते.

पुढचे काम करण्यापूर्वी सुरक्षेविषयी. तपासणीत वीज लागेल तेवढ्याच वेळापुरती बॅटरी जोडावी, एरवी बॉडीला जोडलेले टर्मिनल आधी काढावे. बहुतेक गाड्यांत ते निगेटिव्ह असते, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेले असे, म्हणून गृहीत न धरता पाहून घ्यावे. अंगठी, कडे, धातूचा घड्याळपट्टा काढून ठेवावा. कारची बॅटरी शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर करंट देऊ शकते आणि त्यात अंगठी क्षणात लालबुंद होते. गाडीला एअरबॅग असेल तर तिच्या वायरींना, ज्यांचे आवरण बहुधा पिवळे असते, टेस्ट लॅम्प किंवा मीटर अजिबात लावू नये. जिथे वायर जळाली आहे तिथून इंधनाची नळी जात असेल तर ती नळी आधी तपासावी, वायर नंतर. कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असू द्यावे.

सांधा खराब असल्याचा संशय मोजमापाने पक्का करायचा असतो आणि त्यासाठी मल्टीमीटरचा ओहम मोड जवळजवळ निरुपयोगी आहे. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारणपणे ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ३२ तारा असतात. त्यांपैकी ३० तुटल्या आणि एखाद-दुसऱ्या तारेवर सांधा तग धरून असला, तरी ओहम मोड शून्याच्या जवळच आकडा दाखवतो, कारण मीटर स्वतः अगदी क्षीण करंट सोडतो. दोष दिसतो तो पूर्ण भार चालू असताना. म्हणून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, इंजिन चालू करून, हेडलाइट लावावेत. आधी बॅटरीच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज पाहावा; अल्टरनेटर ठीक असेल तर तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो. मग मीटरची एक टोच बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या होल्डरमधील पॉझिटिव्ह टोकावर, बल्ब जोडलेलाच ठेवून, टेकवावी. येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्धा व्होल्ट चालेल. दीड-दोन व्होल्ट येत असतील तर वाटेत कुठेतरी मोठा अवरोध आहे.

मग ती वाट तुकड्या-तुकड्यांनी मोजावी: बॅटरीपासून फ्यूजच्या अलीकडच्या टोकापर्यंत, फ्यूजच्या दोन बाजूंमध्ये, फ्यूजपासून स्विचच्या येणाऱ्या पिनपर्यंत, स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या पिनांमध्ये, तिथून डिपर स्विच, तिथून बल्ब. चांगल्या सांध्यावर ०.१ व्होल्टपेक्षा आणि स्विचवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त हरवू नये. शेवटी बल्बच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या परतीच्या, टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजावे. ही मोजणी बहुतेक जण विसरतात आणि अर्धे दोष तिथेच असतात. ज्या तुकड्यावर आकडा उडी घेतो, तिथे दोष आहे. हे सर्व मोजायला वेळ लागतो, पण वायरिंगच्या कामात एवढ्या खात्रीचे उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. या मोजणीचा आणखी एक फायदा आहे. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाला की त्याचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. धूर येण्याआधी काही महिने तुमचे हेडलाइट पिवळट आणि मंद पडले होते का, ते आठवून पाहा. सांधा तेव्हापासूनच तापत असावा.

काही जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. तशा गाडीत बल्बच्या पॉझिटिव्हवर कायम व्होल्टेज दिसतो आणि वरची मोजणी उलट क्रमाने करावी लागते. म्हणून गाडीचा वायरिंग डायग्रॅम मिळवणे हे काम सुरू करण्यापूर्वीच करावे. जर्मन गाड्यांत आणि बहुतेक रिलेंवर (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचांवर) डीआयएन ७२५५२ या मानकाचे आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी वायर, १५ म्हणजे इग्निशन स्विचमधून येणारी, ३१ म्हणजे अर्थ, ५६ए हायबीम, ५६बी डिपर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत रंग बोलतात: तपकिरी वायर बॅटरीची आणि बिनफ्यूजची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. मात्र तीस-चाळीस वर्षांत गाडी किती हातांतून गेली आहे यावर रंगांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरते.

तुमची वायर पूर्ण लांबीवर जळालेली निघाली, तर शोध वेगळ्या वाटेने जाईल. अशा वेळी फ्यूजमागून फ्यूज उडवत बसू नये. फ्यूज काढून त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसह जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि तरीही वायरीतून दोन अँपिअरपेक्षा कमीच करंट जातो, त्यामुळे शोध घेत असताना काहीही जळत नाही. आता त्या फ्यूजवरची सगळी उपकरणे बंद करून एकेक कपलर सोडवत जावे. ज्या कपलरनंतर बल्ब विझतो, शॉर्ट त्याच्या पुढच्या शाखेत आहे. मग ती शाखा हाताने हलवत, वाकवत पुढे जावे. बल्ब लुकलुकला की जागा सापडली. अंदाजाने शोधायचे असेल तर दाराच्या बिजागरीतून जाणारी वायर, डिकीच्या झाकणाची वायर, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) गळून पडलेले पत्र्याचे भोक, सीटच्या रेलखाली दबलेली वायर, स्टिअरिंग कॉलमभोवतीचा वळसा, एक्झॉस्टला टेकणारा हार्नेस (एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा) आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागा आधी पाहाव्यात. इंजिनची कंपने आणि पत्र्याची धार मिळून जाड आवरणही काही वर्षांत कापतात.

तिसरी शक्यता कमी वेळा भेटते, पण ती ओळखता आली नाही तर माणूस महिनोन्महिने भलतीकडे शोधतो. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या कारमध्ये अॅक्सिलरेटरची केबल जळाली होती. तिच्या बाहेरील नळीचे प्लास्टिक वितळून आतली तार चिकटली होती आणि जवळून जाणाऱ्या दोन बारीक काळ्या वायरी करपल्या होत्या. केबलला विजेशी काहीच देणे-घेणे नसताना ती जळाली कशी, हे इंजिनखाली पाहिल्यावर कळले. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा विणलेल्या तांब्याचा अर्थ पट्टा गिअरबॉक्सच्या कामानंतर परत बसवलाच नव्हता. इंजिन रबरी माउंटिंगवर असते, म्हणजे बॉडीपासून तुटलेले. सेल्फ मारताना १०० ते २०० अँपिअर करंटला परतीची वाट हवी असते. मुख्य वाट नसेल तर तो अॅक्सिलरेटर केबल, चोक केबल आणि बारीक अर्थ वायरी यांतून परततो. काळी वायर किंवा एखादी केबल जळालेली दिसली की इंजिनचा अर्थ पट्टा सर्वांत आधी तपासावा. सेल्फ मारत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तो पट्टा किंवा त्याचे बोल्ट खराब आहेत.

चार्जिंगच्या बाजूचे दोष इथे थोडक्यात सांगतो. डायनामोच्या गाडीत कटआउटचे, म्हणजे इंजिन बंद असताना डायनामो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलट डायनामोत रिकामी होते आणि त्या वायरी जळतात. अल्टरनेटरमधील डायोड शॉर्ट झाले तरी तसेच होते. डॅशबोर्डवर अॅमीटर असेल तर चार्जिंगचा सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो. त्या वायरींना बहुधा फ्यूज नसतो आणि नट काळाबरोबर सैल होतात, म्हणून डॅशबोर्ड उघडलाच आहे तर ते घट्ट करून घ्यावेत.

आता दुरुस्ती. हार्नेसवरची टेप ब्लेडने उभी चिरू नये, तसे केल्याने आतल्या चांगल्या वायरींवर चरे पडतात. शिवण उसवायच्या लहान आकड्याने ती उकलावी. जळालेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना, शाबूत आवरण दिसेपर्यंत आणि त्यापुढेही हातभर हार्नेस उघडावा. एक वायर तापते तेव्हा तिला चिकटून असलेल्या शेजारच्या वायरींचे आवरणही मऊ पडून एकमेकांत रुतते. अशा वायरी वरून ठीक दिसतात, पण वेगळ्या करायला गेले की आवरण सोलून निघते. प्रत्येक वायर सुटी करून, बोटाभोवती वाकवून पाहावी. आवरणाला तडा गेला किंवा ते कडक लागले तर तो तुकडाही बदलावा. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचे आम्ल होते. त्यामुळे जळण्याच्या जागेजवळचे कपलर उघडून साफ करावेत, नाहीतर काही महिन्यांनी त्यांच्यावर हिरवा थर दिसतो आणि नवीनच दोष सुरू होतो.

वायर कापताना तांबे काय सांगते ते पाहावे. आवरण चांगले दिसत असले तरी आतल्या तारा काळ्या असतील तर आणखी मागे कापावे, लालसर चकचकीत तांबे दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर कथिलाचा डाग (सोल्डर) धरत नाही आणि क्रिम्प केला, म्हणजे लग दाबून वायरीवर बसवला, तरी तो सांधा पहिल्या दिवसापासून अवरोधाचा असतो. बदली वायर मूळ वायरीच्या जाडीची किंवा एक पायरी जाड घ्यावी, गाड्यांसाठी बनवलेली, बारीक आणि पुष्कळ तारांची, शक्यतो उष्णतारोधक आवरणाची. घराच्या वायरिंगची एकेरी किंवा मोजक्या जाड तारांची वायर गाडीत वापरू नये. ती कंपनांनी आतून तुटते आणि तिचे आवरण इंजिनच्या उष्णतेसाठी आणि तेलासाठी केलेले नसते. शक्य असेल तिथे मधला तुकडा न जोडता कपलरपासून पुढच्या कपलरपर्यंत अखंड वायर टाकावी. सांधे जितके कमी, तितके बरे.

सांधा डाग देऊन करावा की क्रिम्प करून, यावर दोन्ही बाजूंनी आग्रहाने बोलले जाते. माझे मत असे की योग्य मापाची स्लीव्ह आणि रॅचेटचे क्रिम्पिंग टूल असेल तर क्रिम्पच करावा. डाग दिला की कथिल तारांमधून आवरणाखाली झिरपते, तिथे वायर ताठ होते आणि ताठ भाग संपतो त्या जागी कंपनांनी तुटते. डागच द्यायचा असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाणारी, आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह चढवावी आणि सांधा हार्नेसमध्ये असा बांधावा की तो हलणार नाही. पकडीने चेपलेला क्रिम्प मी स्वीकारत नाही. उघड्या बॅरलच्या लगवर दोन जोड्या पाकळ्या असतात. पुढची जोडी तांब्यावर आणि मागची आवरणावर बसली पाहिजे, म्हणजे ओढ तांब्यावर न येता आवरणावर येते. प्रत्येक क्रिम्प झाल्यावर तो जोराने ओढून पाहावा. सुटला तर तो इथेच सुटलेला बरा. चालू वायरीला टोचून फाटा काढणारे प्लास्टिकचे टॅप कनेक्टर कुठे दिसले तर ते काढून योग्य सांधा करावा. स्टीरिओ आणि अलार्म बसवताना वापरलेले हे कनेक्टर जुन्या गाड्यांतील अनेक दोषांचे मूळ असतात.

दोन-तीन वायरींना सांधे असतील तर ते एकाच जागी न आणता पुढे-मागे ठेवावेत, नाहीतर हार्नेसला गाठ येते आणि तीच जागा पत्र्यावर घासते. शेवटी कापडी हार्नेस टेप गुंडाळावी. डॅशबोर्डखाली साधी चिकट टेप उन्हाने पाघळून सुटते. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, इंजिनजवळ पन्हाळी नळी, आणि एक्झॉस्टपासून शक्य तितके अंतर.

तुमच्या गाडीसाठी माझा स्पष्ट सल्ला असा आहे की नवीन लग, नवीन कपलर आणि गरज असेल तर नवीन स्विच बसवल्यावर हेडलाइटसाठी दोन रिलेही घालून घ्यावेत, एक डिपरचा आणि एक हायबीमचा. मग जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे जेमतेम ०.२ अँपिअरचा करंट जाईल आणि तो पुन्हा तापण्याचे कारणच उरणार नाही. बॅटरीपासून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकावी आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत असावा. बॅटरी आणि फ्यूज यांमधला तुकडा पूर्णपणे असुरक्षित असतो, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. रिलेच्या दिव्यांकडे जाणाऱ्या ८७ क्रमांकाच्या पिनवरून डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज दिले तर एका दिव्याच्या वायरीत दोष आला तरी रात्रीच्या रस्त्यावर दुसरा दिवा शिल्लक राहतो. मूळ वायरीच रिलेच्या कॉइलच्या ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिनांना जोडाव्यात. बल्ब ६०/५५ वॅटचेच ठेवावेत. पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर त्यांचा उजेड तुम्हाला पुरेसा वाटेल.

फ्यूजचे माप वायरीवरून ठरते, उपकरणाच्या भुकेवरून नाही. हार्नेसमध्ये इतर वायरींबरोबर बांधलेल्या वायरीसाठी सावध आकडे असे: ०.५ चौरस मिलिमीटरला ५ अँपिअर, १ ला १०, १.५ ला १५, २.५ ला २० ते २५. सतत चालणारा भार फ्यूजच्या मापाच्या ८० टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे. हे जमत नसेल तर जाड वायर टाकून मगच मोठा फ्यूज घालावा. बॅटरीजवळ मूळची फ्यूजिबल लिंक, म्हणजे फ्यूजचे काम करणारा वायरीचा तुकडा, असेल आणि ती जळाली असेल तर तिच्या जागी साधी वायर जोडू नये. ती वायर मुद्दाम मुख्य वायरीपेक्षा बारीक आणि न पेटणाऱ्या आवरणाची केलेली असते. वरून शाबूत दिसणारी लिंक दोन्ही टोकांना धरून हलके ओढावी. रबरासारखी ताणली गेली तर आतले तांबे वितळलेले आहे.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरी थेट लावू नये. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि तिची केबल यांमध्ये तोच २१ वॅटचा बल्ब जोडावा. सगळे बंद असताना बल्ब विझलेला राहिला, तर बल्ब काढून केबल लावावी. तो तेजाने पेटला तर कुठेतरी चूक आहे आणि काहीही न जळता ती कळली. त्यानंतर मीटर अँपिअर मोडवर त्याच जागी लावून बंद गाडीचा करंट पाहावा. घड्याळ आणि रेडिओच्या मेमरीसह तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. मग हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून वीस मिनिटे थांबावे आणि प्रत्येक सांध्याला, स्विचला, फ्यूजला, रिलेला बोट लावून पाहावे. कोमट लागणे चालते. बोट ठेवता येत नसेल तर तो सांधा पुन्हा करावा. शेवटी व्होल्टेज हरवण्याची मोजणी पुन्हा करून आकडे लिहून ठेवावेत.

संपूर्ण वायरिंग बदलण्याचा प्रश्न उरतो. हार्नेस उघडल्यावर आवरण सगळीकडे कडक होऊन बोटाने वाकवताच फुटत असेल, जळण्याचा भाग मुख्य हार्नेसच्या मोठ्या लांबीवर पसरला असेल आणि अनेक वायरी एकत्र वितळल्या असतील, किंवा आधीच्या दुरुस्त्यांनी कुठली वायर कुठे जाते याचा मेळच लागत नसेल, तर तो हार्नेस बदलावा. तेव्हाही बहुधा एकच विभाग बदलावा लागतो, इंजिनचा, डॅशबोर्डचा किंवा मागचा. जुना हार्नेस काढल्यावर तो टाकून न देता जमिनीवर पसरून त्याच्या मापाने नवीन बांधावा, कारण कारखान्याने कुठे किती ढील ठेवली होती हे डायग्रॅममध्ये नसते. तुमच्या वर्णनात मात्र एक वायर, एक कपलर आणि बहुधा एक स्विच एवढेच आहे. तेवढे नीट करून, रिले घालून गाडी वापरावी आणि महिन्याभराने स्विचमागचा कपलर पुन्हा एकदा उघडून लगचा रंग पाहावा. तो पिवळाच असेल तर हार्नेसला हात लावण्याची गरज नाही.